वाचकांचे प्रश्न : बाजार कोणता निवडावा आणि विलीनीकरण कसे जोखावे

गेल्या दोन महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे दोन विषयांवरची आहेत. बीएसई आणि एनएसई या मुंबईतील दोन शेअर बाजारांपैकी कोणत्या बाजारात व्यवहार करावा, हा पहिला विषय. आणि हाती असलेली तंत्रज्ञान कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार असेल तर काय करावे, हा दुसरा. त्यांतील सहा पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि त्यांनी लिहिलेल्या काही कंपन्यांची नावे येथे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान १९८८ पासून फोर्टमधील एका दलालामार्फत शेअर घेत असत. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि सर्व शेअर माझ्या डीमॅट खात्यात आले. मुलाने मोबाइलवर ॲप घालून दिले आहे. त्यात प्रत्येक कंपनीपुढे बीएसई आणि एनएसई असे दोन पर्याय दिसतात आणि भावही किंचित वेगळे असतात. ‘आपला बाजार म्हणजे दलाल स्ट्रीट’ असे यजमान नेहमी म्हणत. मला एका लहान कंपनीचे ३०० शेअर विकायचे आहेत. ते कोठे विकावेत? — निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

बाई, सर्वप्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकावी. आपल्या खात्यातील शेअर बीएसईचेही नाहीत आणि एनएसईचेही नाहीत. ते कंपनीचे आहेत आणि डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, आपल्या नावावर नोंदलेले आहेत. यजमानांनी ते दलाल स्ट्रीटवरील बीएसईवर घेतले असले तरी आपण ते वांद्रे-कुर्ला संकुलातील एनएसईवर विकू शकता; त्यासाठी कोणताही अर्ज किंवा हस्तांतर करावे लागत नाही.

यजमानांच्या म्हणण्यालाही आधार होता. टाउन हॉलजवळच्या वडाच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ साली जी संस्था स्थापन केली, तीच आजची बीएसई. यजमानांनी शेअर घ्यायला सुरुवात केली तेव्हा एनएसई अस्तित्वातच नव्हती. ती कंपनी म्हणून १९९२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यावर शेअरचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. मी १९९३ साली फोर्टमधल्याच एका दलालाच्या कार्यालयात उमेदवारी करत होतो. माझे काम होते शेअर सर्टिफिकेट आणि त्याला टाचलेला ट्रान्स्फर फॉर्म यांवरील सह्या तपासण्याचे. विकणाऱ्याच्या सहीतील एक वेलांटी कंपनीकडील नमुन्यापेक्षा वेगळी दिसली की कागद ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून परत येत असे, आणि ज्याने पैसे मोजले होते तो माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे घालत असे. डोंबिवलीहून येणारे एक वृद्ध गृहस्थ असा एकच लिफाफा घेऊन चार वेळा आमच्या टेबलापाशी आले होते, आणि चौथ्या वेळीही मला त्यांना परतच पाठवावे लागले. म्हणून देशभरातील पडद्यांवर एकच भाव दाखवणारा बाजार आला आणि पाठोपाठ १९९६ मध्ये एनएसडीएल ही पहिली डिपॉझिटरी सुरू झाली, तेव्हा छोट्या गुंतवणूकदाराच्या आयुष्यात केवढा फरक पडला हे मी जवळून पाहिले आहे. बीएसईनेही १९९५ मध्ये बोल्ट ही संगणकीय प्रणाली आणली आणि आरडाओरड्याचा रिंगणातला व्यवहार संपला. सुरक्षितता, सेबी या बाजार नियामक संस्थेचे नियंत्रण आणि व्यवहारानंतर पुढच्याच कामाच्या दिवशी होणारी पूर्तता या बाबतींत आज दोन्ही बाजार सारखेच आहेत.

मग फरक कोठे उरतो? तो आपल्या त्या ३०० शेअरपुरता, आणि ज्या दिवशी आपण विकाल त्या दिवसापुरता उरतो. ॲपमध्ये कंपनीच्या नावावर बोट ठेवले की खाली एक चौकट उघडते. डावीकडे खरेदीदारांचे भाव आणि त्यांना हवी असलेली संख्या असते, उजवीकडे विक्रेत्यांची. या चौकटीला मार्केट डेप्थ म्हणतात, आणि भावापेक्षाही ती आधी वाचावी. समजा, बीएसईच्या चौकटीत १४२.१० रुपयांना ४० शेअर घेणारा आहे, त्याखाली १४१.५० ला १००, आणि त्याखाली १४०.२५ ला १६०. आपण भाव न घालता ‘बाजारभावाने विका’ असे सांगितले, तर हे तिन्ही खरेदीदार संपवूनच आपले ३०० शेअर विकले जातील आणि हाती ४२,२७४ रुपये येतील. त्याच क्षणी एनएसईच्या चौकटीत १४२.८० ला ५०० शेअर घेणारा उभा असेल, तर तेच ३०० शेअर ४२,८४० रुपयांना जातील. फरक झाला ५६६ रुपयांचा.

आता याच्या शेजारी बाजाराचे शुल्क ठेवून पाहावे. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार रोखीच्या व्यवहारांवर एनएसई दर लाखामागे २.९७ रुपये घेते आणि बीएसई बहुतेक शेअरसाठी ३.७५ रुपये घेते. आपल्या व्यवहारात हा फरक साधारण ३३ पैशांचा होतो. सिक्युरिटीज ट्रॅन्झॅक्शन टॅक्स दोन्हीकडे सारखाच, म्हणजे ०.१ टक्के, सुमारे ४३ रुपये. यावरून लक्षात येईल की शुल्काची तुलना करत बसण्यात वेळ घालवू नये. समोर खरेदीदार किती आहेत आणि ते किती जवळच्या भावाला उभे आहेत, एवढेच पाहावे.

बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ही गर्दी एनएसईवर अधिक असते, म्हणून माझे साधारण उत्तर एनएसई असेच असते. परंतु आपण लहान कंपनी म्हणता, तेव्हा एक शक्यता तपासावी. बीएसईवर पाच हजारांहून अधिक कंपन्यांची नोंदणी आहे आणि त्यांतील पुष्कळ लहान कंपन्या फक्त तेथेच आहेत. त्या एक्स किंवा एक्सटी गटात दिसतात. आपली कंपनी त्यांपैकी असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी आपला भाव स्वतः घालावा, एकदम ३०० न विकता ५०-५० च्या टप्प्यांनी विकावे, आणि सकाळी सव्वानऊच्या सुमारास घाई न करता चौकट भरू द्यावी. चार दिवस लागले तरी चालतील.

प्रश्न : सेन्सेक्सचा आकडा निफ्टीच्या तिपटीहून मोठा असतो. याचा अर्थ बीएसई हा मोठा बाजार आहे, असे आमच्या वर्गात काही जण म्हणतात. हे बरोबर आहे का? — वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, कळवा

नाही. सेन्सेक्स हा बीएसईचा निर्देशांक आहे आणि निफ्टी हा एनएसईचा. दोन्ही निर्देशांक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या आकड्यांपासून मोजायला सुरुवात झाली, एवढेच त्याचे कारण आहे. सेन्सेक्ससाठी १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून त्याची किंमत १०० मानली आहे, तर निफ्टीसाठी ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची किंमत १,००० मानली आहे. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या आहेत, निफ्टीत ५०, आणि सेन्सेक्समधील कंपन्या साधारणतः निफ्टीतही असतात. त्यामुळे आकड्यांची तुलना न करता एका दिवसातील किंवा एका वर्षातील टक्केवारीची तुलना करावी. दोन्ही निर्देशांक जवळजवळ हातात हात घालून चालताना दिसतील. शेअरच्या रोजच्या उलाढालीत मात्र एनएसईने पहिल्या एक-दोन वर्षांतच बीएसईला मागे टाकले आणि ती आघाडी आजवर टिकली आहे.

प्रश्न : दुपारी एखादा बाजार तांत्रिक कारणाने बंद पडला आणि माझा व्यवहार अर्धवट राहिला तर? — दुकानदार, जांभळी नाका, ठाणे

असे घडलेले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईवरील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले; त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालू ठेवावा लागला. बीएसई त्या काळात सुरू होती. ज्यांनी शेअर घेऊन खात्यात ठेवले होते त्यांचे काहीच बिघडले नाही. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांची मात्र मोठी ओढाताण झाली, कारण मधल्या चार तासांत त्यांचे सौदे अधांतरी राहिले. पुढे सेबीने दोन्ही बाजारांना एकमेकांसाठी पर्यायी व्यवस्था म्हणून उभे राहण्यास सांगितले आणि ती तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. आपण दुकान सांभाळून रोजच्या रोज सौदे करत असाल, तर माझा आग्रह आहे की असा दिवस पुन्हा येऊ शकतो हे धरूनच रक्कम लावावी. गल्ल्यातील उद्याच्या मालाचे पैसे त्यात कधीही घालू नयेत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. इन्फोसिस पूर्वी नॅसडॅकवर होती आणि आता न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवर आहे असे तो सांगतो. तंत्रज्ञान कंपन्यांसाठी नॅसडॅकच चांगले ना? बाजार बदलल्याने भागधारकाला काही फरक पडतो का? — निवृत्त बँक कर्मचारी, वाशी, नवी मुंबई

नॅसडॅक १९७१ मध्ये संगणकावर भाव दाखवणारी व्यवस्था म्हणून सुरू झाली. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्या अगदी तरुण असताना, १९८० आणि १९८६ मध्ये, तेथेच नोंदल्या गेल्या. त्यामुळे तंत्रज्ञान आणि नॅसडॅक ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. इन्फोसिसने १९९९ मध्ये नॅसडॅकवर नोंदणी केली आणि डिसेंबर २०१२ मध्ये ती न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजकडे गेली. कंपनीचे ग्राहक तेच राहिले, नफा तोच राहिला, आणि भागधारकाच्या हातातील हिस्साही तेवढाच राहिला.

याच कंपनीचे दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिने पॅरिस आणि लंडन येथील युरोनेक्स्ट बाजारांतही नोंदणी केली होती, परंतु तेथे रोजचे व्यवहार इतके कमी होत की २०१८ मध्ये तिने ती नोंदणी आपणहून काढून घेतली. ज्या बाजारात घेणारे-विकणारे येत नाहीत, तेथे नाव लावून कोणाचाच उपयोग होत नाही. नौपाड्याच्या बाईंना वर जे सांगितले, तेच एवढ्या मोठ्या कंपनीलाही लागू पडले.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे काम करतो. आमची कंपनी आमच्याहून मोठ्या कंपनीत विलीन होणार असल्याची घोषणा झाली आहे. आमच्या प्रत्येक ८ शेअरमागे मोठ्या कंपनीचे ३ शेअर मिळतील. माझ्याकडे बाजारातून सरासरी ४०० रुपयांना घेतलेले १४० शेअर आहेत. घोषणेपूर्वी आमचा भाव ५६० आणि मोठ्या कंपनीचा १,७६० होता. आज तो अनुक्रमे ६२२ आणि १,६९० आहे. मोठ्या कंपनीचा प्रतिशेअर नफा ८० रुपये आणि आमचा २४ रुपये आहे. शेअर ठेवावेत की विकावेत? — सॉफ्टवेअर अभियंता, ऐरोली, नवी मुंबई

आपण सर्व आकडे दिलेत याबद्दल आभार मानतो, कारण त्यांच्याशिवाय विलीनीकरणाबद्दल बोलणे म्हणजे हवेत बोलणे होते. तरी आकड्यांआधी एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. आपण कर्मचारी आहात. आपल्या कामामुळे जाहीर न झालेली माहिती आपल्या कानावर येत असेल, तर तिच्या आधारे शेअर घेणे किंवा विकणे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा ठरतो, आणि जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याकडून ऐकलेली गोष्टही त्यात येऊ शकते. म्हणून काहीही करण्यापूर्वी कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला (कम्प्लायन्स ऑफिसर) लेखी विचारावे की आपल्यासाठी व्यवहाराची खिडकी सध्या उघडी आहे का, म्हणजे कर्मचाऱ्यांना सध्या शेअर घेण्या-विकण्याची मुभा आहे का, आणि पूर्वपरवानगी लागते का.

आता आकडे पाहू. घोषणेपूर्वीच्या भावाने मोठ्या कंपनीचे ३ शेअर म्हणजे ५,२८० रुपये. ते ८ वर वाटले तर आपल्या एका शेअरचे ६६० रुपये होतात. बाजार आपल्याला तेव्हा ५६० देत होता, म्हणजे सुमारे १८ टक्के अधिक देऊ केले गेले. पण मोठ्या कंपनीचा भाव घसरून १,६९० झाल्यामुळे आज हीच किंमत ६३३.७५ रुपये आहे. रोख रकमेच्या आणि शेअरच्या मोबदल्यात हाच मोठा भेद आहे. रोख मोबदला घोषणेच्या दिवशी ठरतो. शेअरचा मोबदला मात्र प्रत्यक्ष शेअर हातात पडेपर्यंत रोज बदलत असतो.

६३३.७५ आणि बाजारातील ६२२ यांत पावणेबारा रुपयांचे अंतर आहे, म्हणजे दोन टक्क्यांहूनही थोडे कमी. विलीनीकरण पूर्ण होईपर्यंतचा काळ आणि ते अडण्याची शक्यता, या दोन्हींची किंमत बाजार एवढीच लावतो आहे. हे अंतर एकाएकी आठ-दहा टक्क्यांवर गेले, तर कोणती मंजुरी अडली आहे हे त्याच दिवशी शोधावे. मंजुऱ्यांची वाट लांबची असते. मूल्यांकनाचा अहवाल, मर्चंट बँकरचा वाजवीपणाचा अभिप्राय, शेअर बाजारांचा ना-हरकत अभिप्राय, आवश्यक असेल तेथे स्पर्धा आयोगाची मान्यता, भागधारकांचे मतदान आणि शेवटी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आदेश. मतदानात, मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य आणि त्यांच्या शेअरच्या मूल्याच्या तीन-चतुर्थांश इतकी संमती लागते. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री यांचे विलीनीकरण ६ मे २०२२ रोजी जाहीर होऊन १४ नोव्हेंबर २०२२ रोजी अमलात आले. महिंद्र सत्यम आणि टेक महिंद्र यांना मात्र मार्च २०१२ पासून जून २०१३ पर्यंत थांबावे लागले.

यानंतर नफ्याचा हिशेब करावा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज आपल्या ८ शेअरमागे वर्षाला १९२ रुपये नफा आहे. त्यांच्या बदल्यात येणाऱ्या ३ शेअरमागे २४० रुपये नफा आहे. म्हणजे आजच्या कमाईच्या दृष्टीने आपल्याला अधिक मिळते आहे. मग मोठी कंपनी एवढे का देते आहे? आपल्या कंपनीचा नफा त्यांच्यापेक्षा वेगाने वाढेल असे त्यांना वाटत असावे, किंवा स्वतःची वाढ मंदावल्याने ती विकत घ्यावी लागते आहे. यांपैकी खरे काय, ते दोन्ही कंपन्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक अहवालांवरून कळते. आपल्या कंपनीचा नफा दरवर्षी २० टक्क्यांनी वाढत असेल आणि त्यांचा ५ टक्क्यांनी, तर आजचे २४० आणि १९२ यांतील अंतर दोन वर्षांच्या आतच भरून निघते, आणि त्यानंतर आपण हातचे सोडून दिले असे म्हणावे लागेल. वाढ दोन्हीकडे सारखी असेल, तर प्रमाण आपल्या बाजूचे आहे.

आपल्याला कोणत्या कागदात मोबदला मिळतो आहे, याकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. १० जानेवारी २००० रोजी अमेरिकेतील एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी यांचे विलीनीकरण जाहीर झाले, तेव्हा इंटरनेटच्या लाटेवर एओएलचा भाव फुगलेला होता, आणि त्या भावाच्या जोरावर तिच्या भागधारकांना एकत्रित कंपनीचा ५५ टक्के हिस्सा मिळाला. एकत्रित कंपनीने २००२ या एका वर्षात जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि २००९ मध्ये दोन्ही पुन्हा वेगळ्या झाल्या. हे विलीनीकरण फसले असे सर्वत्र लिहिले जाते, पण ते कोणासाठी फसले हे विचारले पाहिजे. एओएलच्या भागधारकांनी फुगलेला कागद देऊन मासिके, वाहिन्या आणि चित्रपट यांत वाटा मिळवला होता. टाइम वॉर्नरच्या भागधारकांनी मात्र भरीव मालमत्ता देऊन तो कागद घेतला होता. म्हणून मोठ्या कंपनीचा १,६९० हा भाव तिच्या नफ्याच्या २१ पट आहे, हे पाहावे आणि स्वतःला विचारावे : हातात रोख असती, तर ही कंपनी मी या भावाला घेतली असती का?

आपल्या ऐरोलीतच याचे दुसरे टोक पाहायला मिळाले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील पटणी कॉम्प्युटरच्या संकुलावरची पाटी एका दशकाच्या आत दोनदा बदलली. जानेवारी २०११ मध्ये आयगेट या आकाराने लहान कंपनीने कर्ज आणि बाहेरचे भांडवल उभारून पटणी घेण्याची घोषणा केली, आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीने सुमारे ४ अब्ज डॉलरना आयगेट घेतली. पटणीच्या भागधारकांना रोख रक्कम मिळाली. पुढे कर्ज कसे फिटते, दोन संघ एकत्र नांदतात का, याची चिंता त्यांना करावी लागली नाही. फक्त भाव पुरेसा आहे का, एवढेच ठरवायचे होते. आपल्याला मात्र शेअर मिळणार असल्याने पुढचे सर्व प्रश्न आपलेही आहेत.

ते प्रश्न पाहण्यासाठी एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री यांचेच उदाहरण घेऊ. माइंडट्रीच्या १०० शेअरमागे एल अँड टी इन्फोटेकचे ७३ शेअर असे प्रमाण होते. कागदावर जोडी उत्तम होती : एकीकडे बँकिंग, विमा, ऊर्जा आणि उत्पादन क्षेत्रातील ग्राहक, दुसरीकडे तंत्रज्ञान, माध्यमे आणि प्रवास क्षेत्रातील, एकमेकांचे ग्राहक ओढण्याचा प्रश्न फारसा नव्हता. आकारामुळे एकत्रित कंपनी जुलै २०२३ मध्ये निफ्टीतही आली. तरीही विलीनीकरणानंतरच्या वर्षांत कामकाजी नफ्याचे प्रमाण दोन्ही मूळ कंपन्यांच्या आधीच्या प्रमाणापेक्षा खाली राहिले, आणि सप्टेंबर २०२४ अखेर ती निफ्टीतून बाहेर पडली. ती कंपनी वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आकार वाढणे आणि प्रत्येक शेअरमागील नफा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोषणेच्या दिवशी फक्त पहिली गोष्ट साजरी होते. घोषणा झाली त्याच दिवशी एल अँड टी इन्फोटेकच्या प्रमुखांनी पद सोडल्याचेही जाहीर झाले होते. सॉफ्टवेअर कंपनीत यंत्रे आणि जमीन थोडी असते. ग्राहकाशी दहा वर्षे बोलणारी माणसे हीच मालमत्ता असते. ती माणसे राहणार आहेत का, याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा चांगला येईल.

आपल्या १४० शेअरचे साडेबावन्न शेअर होतात. म्हणजे ५२ शेअर खात्यात येतील आणि अर्ध्या शेअरची रक्कम, आजच्या भावाने सुमारे ८४५ रुपये, बँकेत येईल. विलीनीकरणात शेअरची अदलाबदल ही करासाठी विक्री धरली जात नाही. जुनी खरेदी किंमत आणि जुनी तारीख पुढे चालू राहते. आपले ५६,००० रुपये साडेबावन्नांवर वाटले की नव्या शेअरची खरेदी किंमत सुमारे १,०६७ रुपये होते. हा आकडा आजच वहीत लिहून ठेवावा. कर फक्त त्या अर्ध्या शेअरच्या रकमेवरील नफ्यावर विचारात घ्यावा लागेल.

आता माझे मत सांगतो. आपला पगार, बढती आणि बचत ही तिन्ही एकाच कंपनीवर अवलंबून आहेत, आणि विलीनीकरणाच्या काळात पगार आणि बचत यांवर एकाच वेळी ताण येऊ शकतो. परवानगी मिळत असेल तर निम्मे शेअर आज ६२२ च्या आसपास विकावेत आणि उरलेले ७० ठेवून नव्या कंपनीचे पहिले चार तिमाही निकाल पाहावेत. मोठ्या कंपनीची वाढ खरोखर थंडावलेली दिसली, तर तेही विकावेत. आपल्या सहकाऱ्याने याच्या उलट केले तर तो चुकला असे मी म्हणणार नाही, मात्र त्याने वरचा नफ्याचा हिशेब स्वतः केलेला असावा.

प्रश्न : वडील २०११ मध्ये वारले. परवा त्यांच्या कपाटात डीमॅट खात्याचा एक कागद सापडला, त्यावर महिंद्र सत्यमचे १७० शेअर दिसतात. ती कंपनी आता नाही. हे शेअर बुडाले असे समजावे का? — गृहिणी, नेरूळ, नवी मुंबई

मुळीच समजू नये, ताई. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या हिशेबांतील घोटाळा उघड झाला आणि त्याच वर्षी टेक महिंद्रने ती कंपनी घेतली. २०१३ मध्ये विलीनीकरण झाले तेव्हा सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्रचे २ शेअर देण्यात आले. आपल्या वडिलांच्या १७० शेअरचे बरोबर २० झाले. पुढे मार्च २०१५ मध्ये टेक महिंद्रने एकास एक बोनस दिला आणि १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर केले. त्यामुळे २० चे ४० आणि ४० चे ८० झाले. हे सर्व खात्यात आपोआप जमा होते. वारसांनी काही करावे लागत नाही.

अडचण एकच असू शकते. वडिलांचे बँक खाते बंद झाल्यामुळे लाभांश परत गेला असेल आणि सलग सात वर्षे कोणी तो घेतला नसेल, तर कंपनीला कायद्याने ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) पाठवावे लागतात. तेथे गेलेले शेअरही परत मिळतात. प्रथम त्या कागदावर ज्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटचे, म्हणजे डीमॅट खाते सांभाळणाऱ्या बँकेचे किंवा दलालाचे, नाव आहे तेथे मृत्यूचा दाखला घेऊन जावे आणि खात्यात आज काय आहे ते विचारावे. शेअर तेथेच असतील तर वारसहक्काचा फॉर्म भरून ते आपल्या खात्यात घ्यावेत. नसतील, तर निधीच्या संकेतस्थळावर वडिलांच्या नावाने शोध घ्यावा, कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडून (रजिस्ट्रार) हक्कपत्र मिळवावे आणि मग आयईपीएफ-५ हा अर्ज भरावा. हे काम आपण स्वतः करू शकता. शेअरच्या किमतीतील टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याची गरज नाही. वडिलांचे नाव पॅन कार्डावर, मृत्यूच्या दाखल्यावर आणि डीमॅटच्या कागदावर एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे मात्र घरून निघण्यापूर्वी पाहावे, कारण अशा अर्जांपैकी बरेच तेवढ्याच कारणाने परत येतात.